शिफ्ट संपल्यावर

१२ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन अडलं. तुला तो हवा की नको ते मला ठाऊक नाही, म्हणून नुसती हाक मारतो. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसशील तर पुढे वाच.

बातमी अशी की तुझा बाप आता दिवसा जागा असतो.

हसू नकोस. तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला हे लिहिताना काय वाटतं ते तुला कळायचं नाही. आमच्या दोन तळ्यांबद्दल मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू शाळेतून यायचीस तेव्हा मी घोरत असायचो. म्हणून आता सांगतो. डोंगरावर एक तळं, पायथ्याशी एक तळं, आणि मध्ये डोंगराच्या पोटात आमची दोन यंत्रं. वीज जास्त झाली की यंत्रं उलटी फिरवायची आणि खालचं पाणी वर चढवून ठेवायचं. वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडायचं, यंत्रं सुलटी फिरतात, वीज परत. झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही डोंगर पोखरला.

पूर्वी वीज जास्त व्हायची ती रात्री, कारण शहर झोपलं तरी कोळशाच्या बॉयलरला काही झोपवता येत नाही. म्हणून पाणी रात्री चढवायचं, म्हणून मी रात्री कामावर, म्हणून मला प्रकल्पावर सगळे घुबडसाहेब म्हणतात. आता सपाटीवर नजर पोचेल तिथवर सौर पॅनेलं लागली आहेत. भर दुपारी वीज इतकी होते की ती ठेवायची कुठे असा प्रश्न पडतो. ठेवायची आमच्याकडे! एक तारखेपासून पाणी सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात वर चढतं आणि ऊन उतरलं की खाली येतं. माझी शिफ्ट अकरा ते सात. पहिला दिवस अगदी सुरळीत पार पडला.

पाणी कधी चढवायचं, कधी सोडायचं ते सांगणारे नियंत्रण केंद्रातले लोक हल्ली दिवसातून दहा वेळा फोन करतात. पूर्वी आमची आठवण फक्त दिवे गेल्यावर यायची. शहराबाहेर बॅटऱ्यांचे मोठमोठे डबे मांडून ठेवलेत, पेपरात फोटो त्यांचेच येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, चपळ आहेत पोरं. पण दोन तासांत त्यांचा दम संपतो. आमचं तळं सहा तास चालतं. फोटो काढायला मात्र इकडे कुणी फिरकत नाही.

आईने बेडरूमचे काळे पडदे काढून टाकले. खोलीची भिंत फिकट हिरवी आहे हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मी इतकी वर्षं ती करडी समजत होतो.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. मी लिहीत राहीन.

— बाबा


३ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज टपालपेटी उघडून बघतो. आई गालातल्या गालात हसते.

आज तुझ्या आईची तक्रार करायची आहे. ही बाई माझ्याशी दिवसा बोलत नाही! रागावलेली नाही, अगदी मजेत असते, पण सकाळचे दहा वाजले की तिचं तोंड बंद होतं आणि हात सुरू होतात. चहा हवा का, तर मूठ ओठांकडे. दार लाव, तर दोन बोटं एकमेकांवर. मी म्हटलं, "अगं, मी जागा आहे. तोंडाने बोल की." तर दचकली. म्हणाली, "अय्या, सवय हो."

सवय. तुम्हा दोघींची. मी झोपायचो म्हणून तुम्ही दोघी दिवसभर हातांनी बोलायचात, हे मला माहीत होतं, पण एवढी अख्खी भाषा झालीय हे माहीत नव्हतं. रविवारी तू तिला व्हिडिओवर फोन करतेस, तासभर तुमच्या गप्पा चालतात आणि घरात आवाज फक्त पंख्याचा. मध्येच आई पोट धरून हसते. मी पेपर धरून बसलेलो असतो आणि एक अक्षर कळत नाही. फोन चुकून मी उचलला तर तू हाताने एवढंच करतेस, तर्जनी बाजूला. ते मात्र कळतं. आईला द्या.

मग मी तिच्या मागे लागलो, मला शिकव. रोज जेवणानंतर अर्धा तास. मी ढ विद्यार्थी आहे. परवा तिला म्हणायचं होतं की भाजी चांगली झालीय, तर म्हणे मी म्हणालो की भाजीला ताप आलाय.

पण खरी गंमत पुढे आहे. ती एकेक खूण दाखवायला लागली आणि मला त्या ओळखीच्या वाटायला लागल्या. 'थांब' म्हणजे मनगटं एकावर एक. 'हळू' म्हणजे तळहात खाली दाबत आणायचा. 'वर चढव', 'खाली सोड', 'सगळं ठीक'. ठमे, या आमच्या मशीन हॉलमधल्या खुणा आहेत! दोन्ही यंत्रं चालू असली की तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही ऐकू येत नाही. तिथे आम्ही सगळेच ठार बहिरे. म्हणून पंचेचाळीस पावलांवरच्या माणसाशी आम्ही हातांनी बोलतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी फुशारकीने आईला त्या करून दाखवायचो, ती हसायची. मी विसरून गेलो. तिने जपल्या, तुला शिकवल्या, आणि तुम्ही दोघींनी त्यांचा संसार वाढवला.

म्हणजे निम्मी भाषा माझी निघाली. तुझ्या शाळेतल्या मुलांना तू काय काय शिकवतेस मला माहीत नाही, त्यांची भाषा वेगळी आणि रीतसर असते म्हणे. पण मुक्या-बहिऱ्या मुलांची बाई व्हावं हे तुझ्या डोक्यात कुठून आलं, त्यात माझाही वाटा आहे असं मी आता चारचौघांत सांगतो. आई म्हणते, मुकी म्हणायचं नाही, तू रागावतेस. बरं, नाही म्हणणार.

त्या दिवशी जे झालं त्याबद्दल लिहिणार होतो. आज राहू दे.

— बाबा


२५ फेब्रुवारी

ठमे,

पहिल्या पत्रात मी तुला थाप मारली. पहिला दिवस सुरळीत पार पडला नाही.

तीस वर्षांत कामावर माझा डोळा लागलेला नाही. पहाटे तीनला, चारला, तापात, कधीच नाही. लोक माझी उदाहरणं द्यायचे. आणि एक जानेवारीला, भर दुपारी बाराला, वरच्या खोलीच्या काचेतून ऊन येत असताना, खुर्चीत बसल्या बसल्या मी झोपलो. अंगाला तेच वळण होतं ना, दुपार म्हणजे झोप. एक यंत्र पाणी चढवत होतं. दुसरं सुरू करा, असं सांगायला नियंत्रण केंद्र फोन करत होतं आणि फोन माझ्या हातापाशी वाजत होता. मला त्याचा पत्ताच नाही.

आमच्याकडे एक ज्युनियर मुलगी आहे, तुझ्याहून चार वर्षांनी लहान असेल. तिला सगळे गजर म्हणतात, कारण तिचा आवाज. ती खाली तेलाची पातळी बघायला गेली होती. वर येऊन बघते तर हे ध्यान. तिने खांदा धरून हलवलं आणि जी काय ओरडली, "साहेब, उठा! उठा आधी!"

चार मिनिटं गेली होती. तेवढ्या वेळात केंद्राने सपाटीवरच्या एका सौर प्रकल्पाला वीज कमी करायला सांगितलं होतं. चार मिनिटांचं ऊन माझ्यामुळे फुकट गेलं.

मी काय केलं असेल? आमच्याकडे एक रिवाज आहे. ज्याची चूक झाली त्याने उभं राहायचं आणि सगळ्यांना दिसेल असं स्वतःच्या हेल्मेटवर दोनदा ठोकायचं. चूक माझी. बस. ज्याच्यासमोर ठोकलं त्याने तळहात पुढे ढकलायचा, म्हणजे पुढचं बघ. शिफ्ट चालू असताना कुणी चकार शब्द बोलायचा नाही, कारण बोलणी खाल्लेल्या माणसाचा हात थरथरतो आणि मग दुसरी चूक होते. पण शिफ्ट संपली की समोरच्याला हक्क असतो. तो काय बोलायचं ते बोलतो आणि चुकलेला माणूस उभा राहून ऐकतो. मध्ये तोंड उघडायचं नाही. मोठ्या साहेबांनाही यातून सूट नाही.

मी दोनदा ठोकलं. गजरने तळहात पुढे ढकलला आणि आम्ही दुसरं यंत्र सुरू केलं. सात वाजता तिने मला बाहेरच्या बाकापाशी उभं केलं आणि असं झाडलं म्हणतेस! "साहेब, तुम्ही रात्री झोपत नाही का? टीव्ही बघत बसता का? उद्यापासून दहाला दिवा बंद!" मी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर तिला म्हणालो, "उठवलंस ते फार बरं केलंस." ती लाजली.

घरी येताना वाटभर एकच डोक्यात होतं. एका मुलीने मला भर दुपारी ओरडून उठवलं आणि मी तिला शाबासकी दिली. आणि एका मुलीने ओरडून उठवलं तेव्हा मी काय दिलं होतं?

तू एकोणीस वर्षांची होतीस. दुपारचे दोन वाजले होते. तू दारातून ओरडत आलीस, "आई! आई गं!" आणि मी खोलीतून बाहेर येऊन तुझ्या कानाखाली वाजवली. एक शब्द विचारला नाही. परत जाऊन झोपलो. आणि झोप लागली, हे मला सगळ्यात जास्त छळतं. त्यानंतर वर्षभर तू या घरात तोंडातून आवाज काढला नाहीस आणि मग निघून गेलीस. मी लोकांना सांगितलं, नोकरीसाठी गेली. नऊ वर्षं सांगतोय.

परवा आईला विचारलं, त्या दिवशी ती काय सांगत होती?  म्हणाली, "तुम्ही आज विचारताय?" मग सांगितलं. बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमाला तुझी निवड झाली होती. तीनशे जणांतून बारा. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं की हातांनी बोलायची सवय कुठली, आणि तू म्हणाली होतीस, "आमच्या घरची."

तीनशे जणांतून बारा. शाबास, ठमे. दहा वर्षं उशिरा म्हणतोय. शाबास.

— बाबा


९ मार्च

ठमे,

तुझं पत्र आलं! माझ्या नावाने नाही, प्रकल्पप्रमुखांच्या नावाने. 'महोदय, आमच्या शाळेतील चौदा विद्यार्थ्यांना आपला प्रकल्प दाखवण्याची परवानगी मिळावी.' खाली तुझी सही. मोठ्या साहेबांनी ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "घुबडसाहेब, आडनाव तुमचंच दिसतंय." मी म्हटलं, "हो, माझी मुलगी. बाई आहे ती. तीनशे जणांतून बारा." त्यांना काही कळलं नाही. मी समजावलंही नाही.

तू महोदय लिहिलंस म्हणून मीही रीतसर कळवतो. परवानगी आहे. तुम्ही वीस मार्चला यावं, संध्याकाळी पाचला. हेल्मेटं आम्ही देऊ. तारीख मी निवडली. त्या दिवशी शहराजवळच्या जुन्या वीज केंद्रातला शेवटचा कोळशाचा बॉयलर थंड करायचा आहे, आणि संध्याकाळचं शहर पहिल्यांदा ऊन, वारा आणि साठवलेलं पाणी यांवर उभं राहायचं आहे. मोठे पाहुणे येणार आहेत. मोठे साहेब म्हणत होते की त्या दिवशी मुलं नकोत. मी म्हटलं, त्या हॉलमध्ये एकमेकांशी बोलता येईल असे पाहुणे तेच चौदा जण आहेत.

आईने मुलांसाठी खाऊ करायला घेतला आहे. अजून अकरा दिवस आहेत असं मी तिला हाताने सांगितलं. तिने हाताने मला गप्प बस म्हटलं.

मला तुला काही सांगायचं आहे आणि त्यासाठी तुमच्यात खूण कुठली, असं मी तिला विचारलं. 'माफ कर' कसं म्हणतात? म्हणाली, "आमच्यात नाहीच. आम्हाला कधी लागली नाही."

— बाबा


२२ मार्च

ठमे,

तू मुलांना घेऊन बसने गेलीस, घरी आली नाहीस. ठीक आहे. पोरांना वेळेत पोचवायचं असतं. पण आता लिहितो ते शांतपणे वाच.

परवाचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मोठे पाहुणे खालच्या सज्जात एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि कुणाला कुणाचं कळत नव्हतं. एकाने तर मला विचारलं, "शौचालय कुठे?" आणि मी त्याला तळं किती खोल आहे ते सांगितलं, असं गजर नंतर म्हणाली. आणि तुझी पोरं! सात जण या सज्जात, सात जण समोरच्या, मध्ये दोन यंत्रं गर्जतायत, त्या दिवशी आम्ही सहा वाजेपर्यंत पाणी चढवत होतो ना, आणि त्यांच्या गप्पा थांबल्या नाहीत. कठड्याला तळहात लावून यंत्राची थरथर बघायची आणि पलीकडच्याला सांगायची. आमचे फिटर तोंड उघडं टाकून बघत राहिले. दोन वेण्यांच्या त्या मुलीने विचारलं आणि तू मला लिहून दाखवलंस, पाणी दमत नाही का? मी खाली लिहिलं, दमतं, चार बादल्या वर नेल्या तर तीनच परत देतं. तिने मान हलवली. चालेल, असा तिचा चेहरा होता. इतकं चांगलं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेलं नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी केंद्राचा संदेश आला. बॉयलर बंद. यंत्रं सुलटी फिरवायचा हुकूम मी दिला नाही, गजरने दिला. हे ठरवलेलं होतं. मी फक्त हॉलच्या भिंतीवरचा काटा बघत होतो, तो पन्नासवर असला की शहर ठीक आहे. काटा किंचित खाली सरकला.  तीस वर्षांत मी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. मग बॅटऱ्यांनी त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत सावरलं, आणि मागोमाग आमचं पाणी आलं. काटा पन्नासवर गेला आणि तिथे खिळ्यासारखा बसला. दुपारचं ऊन होतं ते, ठमे. दुपारी आम्हीच वर चढवून ठेवलेलं. आता त्यावर त्या अख्ख्या शहरात लोक स्वयंपाक करत होते, अभ्यास करत होते, आणि कुणाला काही कळलंसुद्धा नाही. आमचं काम चांगलं झालं की कुणाला काही कळत नाही. माझी छाती एवढी फुगली की गणवेशाचं बटण तुटलं. खरंच तुटलं, आईला विचार.

तेव्हा मी वर बघितलं. तू समोरच्या सज्जात पोरांच्या मागे उभी होतीस, पांढरं हेल्मेट घालून, आणि माझ्याकडेच बघत होतीस. मी उभा राहिलो. सगळ्यांना दिसेल असं स्वतःच्या हेल्मेटवर दोनदा ठोकलं. खाली फिटरांनी बघितलं, गजरने बघितलं, सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण यंत्रं तर झकास चालली होती. साहेबांची चूक कुठली? ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

 तू तळहात पुढे ढकललास.

मी खाली बसलो आणि पुढचं बघितलं. अर्धा तास मला काटा धूसर दिसत होता, पण हात थरथरला नाही.

आता आमचा रिवाज तुला पाठ आहे, तिसऱ्या पत्रात मी सगळा लिहिला होता. तळहात म्हणजे माफी नव्हे. तळहात म्हणजे शिफ्ट संपेपर्यंत थांब. आणि एकतीस मार्चला माझी शिफ्ट संपते. कायमची. गजर माझ्या खुर्चीत बसेल, तिने गादी आधीच बदलून घेतलीय.

तेव्हा पुढच्या महिन्यात, तुला सुट्टी असेल त्या दिवशी, दुपारी दोन वाजता घरी ये. तू सहा महिन्यांची असताना दारावरच्या घंटेच्या तारा मी स्वतः कापल्या होत्या. काल नवीन घंटा बसवली. भयंकर कर्कश आहे, शेजाऱ्यांनी तक्रार केली. ती जोरात वाजव. दहा वर्षांचं काय बोलायचं असेल ते सगळं बोल. हातांनी नको, ठमे. तोंडाने बोल, मोठ्याने, त्या दिवशी दारातून ओरडली होतीस तशी.

मी जागा असेन. उभा राहून ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

— बाबा